उडीनंतर नाकावर उतरणारा ट्रक : आरसी सस्पेन्शनचं एक प्रकरण

ट्रक आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणारा, खऱ्याच्या एक दशांश (१/१०) मापाचा, शॉर्ट कोर्स प्रकारातला. दोन सेलची लायपो बॅटरी, ब्रशलेस मोटर, जोर फक्त मागच्या दोन चाकांवर. मालक चिंचवडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याची तक्रार अशी : "काका, आधी नुसता टिप्पे खायचा. आता एवढा खर्च केला, तर सरळ डोक्यावर पडतोय."

खर्च बराच होता. मोठ्या बोअरचे अ‍ॅल्युमिनियमचे चार शॉक (धक्का शोषणाऱ्या, तेल भरलेल्या नळ्या), त्यांच्यासोबत आलेल्या कडक स्प्रिंगा, पुढचे-मागचे अ‍ॅल्युमिनियमचे आर्म (चाक धरून वरखाली हलणारे दांडे) आणि शॉक टॉवर (शॉकचं वरचं टोक जिथे बसतं तो भाग). सगळं निळं, चकचकीत. बेरीज नव्या ट्रकच्या निम्म्या किमतीच्या पुढे गेलेली. हे सगळं त्याने एकाच बैठकीत बसवलं. त्यामुळे ट्रक बिघडला तेव्हा नेमक्या कुठल्या भागाने बिघडवला, हे सांगायला काही मार्गच उरला नाही. आरसीच्या छंदात हे नेहमी दिसतं. भाग विकत घेणं सोपं, कारण त्याला किंमत लिहिलेली असते. तेल बदलून, स्प्रिंग बदलून, चार फेऱ्या मारून बघणं कंटाळवाणं, आणि ते कोणी विकत नाही.

ट्रक आणि जमीन

शॉर्ट कोर्स हा वर्ग मूळचा अमेरिकेतला. तिथे स्टेडियममध्ये आणि छोट्या मातीच्या सर्किटवर खऱ्या पिकअप ट्रकच्या शर्यती होतात, त्यांचीच ही लहान प्रत. २००८ मध्ये ट्रॅक्सस कंपनीने स्लॅश हा ट्रक आणला आणि हा वर्ग जगभर पसरला. या वर्गाचे ट्रक पेटीतून काढल्या काढल्या कुणीही चालवावेत म्हणून बनवलेले असतात : लहान मुलाने अंगणात, मोठ्याने नदीच्या वाळूत, कुणी क्रिकेटच्या मैदानावर. म्हणून मूळ सेटिंग कुठल्याच एका जमिनीसाठी नसतं. जमिनीपासून उंची भरपूर, शॉकचा प्रवास भरपूर, तेल मध्यम. वरून अख्खी पिकअपची बॉडी. ती चाकंसुद्धा झाकते, आणि उडीत तिच्या पोटात हवा भरली की नाक वर उचललं जातं.

आमची जमीन म्हणजे शहराबाहेरच्या एका रिकाम्या प्लॉटवर दाबलेला मुरूम. सकाळी पाणी मारलेलं असतं तेव्हा तो घट्ट धरतो, इतका की वळणात ट्रक पलटी खातो. दुपारी तोच मुरूम सुटतो, वर बारीक खडे येतात आणि मागचं टोक सतत घसरत राहतं. ट्रॅकवर एक सपाट माथ्याची मोठी उडी आहे. सरळ पट्टा संपतो तिथे, सगळे ब्रेक मारतात त्या जागी, मुरमात आडव्या बारीक लाटा पडल्या आहेत. एसटी ज्या कच्च्या रस्त्याने रोज जाते त्यावर पडतात तशाच, फक्त लहान. ट्रकचं खरं दुखणं या दोन जागीच कळणार होतं.

चालताना पाहिलं ते

मोबाइलचा स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम, हे या छंदातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरलं जाणारं मोजमापाचं साधन आहे. मोबाइल जमिनीलगत, उडीच्या बाजूला ठेवला. मालकाला एकच सूचना दिली : उडी सुटेपर्यंत आणि सुटल्यावरही थ्रॉटल एका जागी धर. कारण हवेत थ्रॉटल वाढवला की चाकांचा वेग वाढतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने नाक वर जातं, ब्रेक मारला की नाक खाली येतं. घाबरून बोट सुटलं तर आपण सस्पेन्शन तपासत नाही, बोट तपासतो.

व्हिडिओत तीन गोष्टी दिसल्या.

उडीच्या चढावर मागची चाकं दाबली जात होती. पुढची चाकं कड सोडून गेल्यावर मागची कडेवर यायची, आणि त्या क्षणी मागचे आर्म झटक्याने पूर्ण खाली फेकले जायचे. चाक जमिनीला मारत होतं आणि ट्रकचं बूड वर उडत होतं. हवेत ट्रक हळूहळू पुढे झुकत जायचा, उतरताना पुढचा बंपर आधी.

दुसरी गोष्ट लाटांवर. मागची चाकं पहिल्या लाटेवरून उडायची आणि पुढच्या एकदोन लाटांना शिवायचीच नाहीत. त्यामुळे ब्रेक मारला तरी मागचं टोक आडवं जायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात विचित्र वाटली. उडीवरून उतरल्यावर ट्रक टप्पा खात होता, पण चॅसिसचा तळ जमिनीला टेकतच नव्हता. एवढ्या उंचीवरून पडल्यावर तळ टेकायलाच हवा. म्हणजे आर्म पूर्ण वर जाण्याआधीच शॉक कुठेतरी अडत होता. स्प्रिंग कितीही कडक असली तरी ती अशी एकदम थांबवत नाही.

टेबलावर

स्प्रिंगा काढल्या. शॉकचं खालचं टोक सोडवलं आणि एकेक आर्म वर उचलून सोडला. आर्म स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली पडायला हवा. पुढचे दोन्ही पडले. मागचा डावा पडला. मागचा उजवा निम्म्यावर थांबला आणि बोटाने ढकलल्यावरच खाली आला. नव्या आर्मच्या भोकात निळा थर जास्त बसला होता, आणि ३ मिमीची हिंज पिन (आर्मच्या बिजागरीची सळई) त्यात घासत होती. प्लॅस्टिकच्या मूळ आर्ममध्ये असं झालं असतं तरी थोड्या वापराने भोक मोकळं झालं असतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये त्यात मुरमाची धूळ गेली की ते आणखी घट्ट होतं. हाताने रीमर (भोक मोकळं करायचं हत्यार) फिरवून भोक साफ केलं, पिन कोरडीच घातली. इथे तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. धूळ चिकटून त्याचा खरकागद होतो.

शॉकचं खालचं टोक आर्मला ज्या स्क्रूने बसतं तो त्याने मनगटाच्या पूर्ण जोराने आवळला होता. शॉकच्या टोकातला गोळा फिरायला हवा, तो चिमटीत पकडल्यासारखा झाला होता. पाव आटा सैल केला. एवढंच काम, पण चारही कोपऱ्यांवर.

मग शॉक. पूर्ण ताणून, एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंत व्हर्नियरने मोजले. पुढचे दोन्ही सारखे. मागचा डावा १०१.५ मिमी, उजवा १०३. दीड मिलिमीटर म्हणजे किरकोळ, असं वाटेल. पण शॉक आर्मवर मधेच कुठेतरी, तोही तिरका बसलेला असतो. या ट्रकवर हिशेब केला तर दीड मिमीचा फरक चाकाजवळ अडीच मिमी होतो. ट्रक हवेत असताना एक चाक दुसऱ्यापेक्षा अडीच मिमी खाली लोंबतं आणि कडेवरून तेच शेवटी सुटतं. उड्या थोड्या तिरक्या जात होत्या, त्याचं कारण इथेच होतं. शाफ्टवरचं (शॉकच्या आतबाहेर होणाऱ्या दांड्यावरचं) टोक फिरवून दोन्ही १०१.५ केले.

आता शाफ्ट हाताने आत ढकलून बघितला. मागचे दोन्ही शॉक शेवटचे पाचसहा मिमी आतच जात नव्हते. सिरिंजचं तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबावा तसं. आत तेल काठोकाठ भरलं होतं. शॉकमध्ये शाफ्ट जसा आत जातो तसा तो स्वतःही जागा व्यापतो. ३.५ मिमी जाड शाफ्ट ३० मिमी आत गेला तर जवळपास ०.२९ मिलिलिटर तेलाची जागा खातो. तेवढी जागा कुठून तरी मिळायला हवी : झाकणाखालच्या रबरी पडद्यातून, किंवा आत मुद्दाम सोडलेल्या हवेतून. या संचात पडदा होता, पण भरणाऱ्याने शाफ्ट पूर्ण बाहेर असताना तेल काठापर्यंत भरून झाकण आवळलं होतं. पडद्याला हलायला वावच नाही. तेल दाबलं जात नाही, म्हणून शॉक दांडा होतो. चॅसिस जमिनीला का टेकत नव्हता ते इथे कळलं.

दुरुस्ती सोपी. झाकण काढून शाफ्ट पूर्ण बाहेर ओढायचा, तेल भरायचं, पिस्टन (शाफ्टच्या आतल्या टोकावरची भोकांची चकती) सावकाश वरखाली करून बुडबुडे वर येऊ द्यायचे आणि शॉक उभा करून चहा प्यायचा. घाई करणाऱ्याच्या शॉकमध्ये नेहमी हवा राहते, आणि पहिल्या दोन फेऱ्यांनंतर तोच शॉक पचपच वाजतो. बुडबुडे संपले की पडदा बसवायचा, शाफ्ट साधारण अर्धा आत ढकलायचा, जास्तीचं तेल कडेने गळू द्यायचं आणि मग झाकण. डावा-उजवा सारखा झाला का, हे बघायची जुनी युक्ती आहे : दोन्ही शॉक हातात धरायचे, टोकाला टोक लावून एकमेकांवर दाबायचे. दोन्ही बरोबरीने आत गेले तर ठीक. एक भराभर गेला आणि दुसरा मागे राहिला तर पुन्हा उघडायचे.

इथपर्यंत एकही नवा भाग लागला नव्हता. मालकाला हे जरा निराशेचं वाटलं असावं. त्याला मी काहीतरी मागवायला सांगेन अशी त्याची अपेक्षा होती.

स्प्रिंगा आणि स्वयंपाकघरातला काटा

संचातल्या स्प्रिंगांवर काही लिहिलेलं नव्हतं आणि चारही सारख्याच दिसत होत्या. डिजिटल किचन काट्यावर स्प्रिंग उभी ठेवली, वरून एक सपाट पट्टी, आणि बाजूला उभी मोजपट्टी. बरोबर १० मिमी दाबली की काट्यावर किती ग्रॅम येतात ते वाचायचं. संचातल्या चारही स्प्रिंगा ६२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मिलिमीटरला ६२ ग्रॅम, पुढेही तीच आणि मागेही तीच. ट्रकच्या मूळ स्प्रिंगा मोजल्या : मागच्या ४३, पुढच्या ५६.

पुढे-मागे एकच स्प्रिंग देणं हा संच बनवणाऱ्याचा आळस आहे. पुढचा आर्म आखूड, शॉक आत बसलेला, वजन कमी. मागचा आर्म लांब, वजन जास्त. दोघांची गरज वेगळी असते, म्हणून तर ट्रक बनवणाऱ्यांनी दोन वेगळ्या दिल्या होत्या.

मागच्या कोपऱ्याचं गणित मांडतो, कारण "कडक स्प्रिंग म्हणजे रेसिंगची स्प्रिंग" हा समज त्यातच मोडतो. बॅटरीसकट ट्रकचं वजन २.६५ किलो, त्यातलं १.५३ मागच्या चाकांवर. एका मागच्या कोपऱ्यावर ७६५ ग्रॅम. त्यातून चाक, टायर आणि आर्मचा हिस्सा धरून १७५ ग्रॅम वजा केले, तर स्प्रिंगवर बसलेलं वजन ५९० ग्रॅम. शॉक आर्मवर बिजागरीपासून ६२ मिमीवर लागतो आणि चाकाचा मध्य ९८ मिमीवर आहे. हे गुणोत्तर ०.६३. शॉक साधारण २० अंश कललेला. स्प्रिंगचा जोर चाकापर्यंत पोहोचताना या दोन्हींचा वर्ग होतो, आणि हातात उरतो फक्त ३५ टक्के. ६२ ग्रॅमची स्प्रिंग चाकावर २२ ग्रॅम प्रति मिमी होते, ४३ ची १५.

या आकड्यांवर बुडाचं स्वतःचं डोलणं काढलं तर कडक स्प्रिंगवर सेकंदाला तीनदा, मूळ स्प्रिंगवर अडीचदा. साधी प्रवासी कार सेकंदाला एक ते दीडदा डोलते. म्हणजे मूळ स्प्रिंगसुद्धा मऊ नव्हतीच. ती आणखी कडक केल्याने उडीच्या चढावर दाबली गेलेली शक्ती कडेवर जास्त जोरात परत मिळत होती, आणि ती परत देताना बूड वर फेकलं जात होतं. मागे ४३ ची जुनी परत बसवली. पुढे ६२ ची नवी ठेवली, कारण पुढचं टोक आधी ब्रेकवर फारच वाकायचं. खरेदीतल्या चार स्प्रिंगांपैकी दोन अशा कामी आल्या.

त्याच वेळी अ‍ॅल्युमिनियमचे आर्मही काढले. हा निर्णय त्याने आनंदाने घेतला नाही. पण खड्ड्यावर चाक आदळतं तेव्हा स्प्रिंगच्या खालचं वजन जितकं जास्त तितकं ते चाक जमिनीला परत चिकटायला उशीर लावतं. शिवाय नायलॉनचा आर्म भिंतीवर आपटला तर वाकून परत येतो, अगदीच झालं तर तुटतो आणि स्वस्तात बदलता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, किंवा स्वतः टिकून आतल्या गिअरबॉक्सच्या घराचे कान तोडतो. शॉकची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असावी, कारण तिचे आटे टिकतात आणि उष्णता बाहेर जाते. आर्म नको. टॉवरचं मला फारसं काही वाटत नाही, राहू दिले.

उंची आणि खाली लोंबणं

उंची ठरवायची सोपी खूण : ट्रक ३० सेंटिमीटरवरून सपाट सोडायचा, तो बसेल तिथे मागचे हाफ शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचे दांडे) जमिनीला समांतर असावेत. पूर्वी ते चाकाकडे उतरते होते, म्हणजे बूड फार उंच. प्रीलोडची रिंग (स्प्रिंगला आधीच दाबून ठेवणारी) वर सरकवून बूड उतरवलं. प्रीलोडने स्प्रिंग कडक होते असं पुष्कळांना वाटतं. ती तेवढीच असते, फक्त ट्रक उंच बसतो.

दुसरं म्हणजे ट्रक उचलल्यावर चाकं किती खाली लोंबतात, ड्रूप. नवे शॉक मूळपेक्षा लांब होते, म्हणून मागची चाकं इतकी खाली जात होती की हाफ शाफ्टचे सांधे कोनात अडून टकटक वाजायचे. आणि कडेवरून सुटताना स्प्रिंगला बूड ढकलत राहायला तेवढा जास्त प्रवास मिळायचा. पिस्टनखाली शाफ्टवर ३ मिमीचे प्लॅस्टिकचे स्पेसर घातले. चाकाजवळ ते ५ मिमी झाले. आवाज थांबला. उडीवर नाक खाली जाणं इथपर्यंतच्या बदलांनी निम्म्याहून जास्त गेलं, तेही तेलाचा जाडपणा न बदलता.

तेल, आणि दुपारचं ऊन

शॉकच्या तेलाच्या बाटलीवर "३० वेट" असं लिहिलेलं असतं. हे आकडे एका कंपनीचे दुसरीशी जुळत नाहीत. बघायचा तो सेंटिस्टोकचा, म्हणजे तेलाच्या जाडपणाच्या मापाचा, आकडा, बहुतेक बाटल्यांवर तो बारीक अक्षरात असतो. असोसिएटेड कंपनीच्या तक्त्यात २५ वेट म्हणजे २७५ सेंटिस्टोक, ३० म्हणजे ३५०, ४० म्हणजे ५००, ५० म्हणजे ६५०. तोच तक्ता मी सगळीकडे डोक्यात ठेवतो.

हे आकडे २५ अंश तापमानाचे. सिलिकॉन तेल खनिज तेलापेक्षा कमी बदलतं, म्हणूनच ते वापरतात, पण बदलतं. २५ अंशांवरून ४० अंशांवर गेलं की जवळपास चौथा हिस्सा पातळ होतं. ३५० चं २६० होतं. म्हणजे एप्रिलच्या दुपारी ३० वेट भरलेला ट्रक प्रत्यक्षात २५ पेक्षाही पातळ तेलावर पळतो, आणि नागपूरकडच्या माणसाला तर त्याहून पुढचा हिशेब करावा लागेल. परदेशातल्या ट्रॅकवरचे सेटिंगचे कागद लोक जसेच्या तसे उतरवून घेतात. त्यात तापमानाचा रकाना असतो, तो कोणी वाचत नाही. आणि मोटरसायकलच्या फोर्कचं तेल इथे नको, कितीही स्वस्त मिळालं तरी. उन्हात ते सिलिकॉनपेक्षा जास्त पातळ होतं.

मागे आधी ४० भरलं, पिस्टन तसेच ठेवून. उडी सुधारली. कडेवरून बूड आता उडत नव्हतं, सुटत होतं. पण लाटांवर ट्रक आधीपेक्षा वाईट झाला. एका लाटेने दाबलेलं चाक पुढची लाट येईपर्यंत खाली परतच येत नव्हतं. दोनतीन लाटांत मागचे शॉक आखडून बसायचे आणि मग सगळा ट्रक टणटण उडायचा.

पिस्टन इथे खेळात येतो. पिस्टनमधून तेल दोन प्रकारे जातं. शाफ्ट सावकाश हलत असेल तर तेलाचा जाडपणा महत्त्वाचा. शाफ्ट भर्रकन हलला, लाटेवर किंवा उतरताना हलतो तसा, तर तेल भोकातून घुसळत जातं आणि तिथे तेलाच्या जाडपणापेक्षा भोकाचा आकार बोलतो. म्हणून भोक मोठं करून तेल जाड केलं, तर सावकाश हालचाल जवळपास तशीच राहते आणि वेगवान हालचाल मऊ होते. मूळ पिस्टनला १.५ मिमीची दोन भोकं होती. ती ड्रिलने १.७ केली, हाताने, पिन व्हाइसमध्ये धरून. कडांवर उरलेले बारीक कंगोरे ब्लेडने काढले. कागदावर १.५ वरून १.७ म्हणजे व्यासाच्या चौथ्या घाताने १.६५ पट मोकळीक. प्रत्यक्षात भोक पिस्टनच्या जाडीइतकंच आखूड असतं, म्हणून फरक त्याहून थोडा कमी पडतो. त्यात ५० वेट भरलं.

लाटांवर लगेच फरक दिसला. स्लो मोशनमध्ये मागची चाकं प्रत्येक लाटेत उतरताना दिसली, आणि मालकाने ब्रेकची जागा आपोआप पुढे ढकलली, मी काही न सांगता. उडीवरही बूड शांत राहिलं. पुढे पिस्टन तसेच १.५, तेल ३५.

याची किंमत मोठ्या उडीवर मोजावी लागते. भोकं मोठी केल्यावर जोराच्या आपटीला अडवणारं बळ कमी झालं, त्यामुळे सपाटावर उतरलं की चॅसिस आता खणकन टेकतं. मी म्हटलं, टेकू दे. उडी फेरीत एकदाच येते, लाटा दरवेळी येतात, आणि उतारावर नीट उतरलं तर टेकतही नाही. ज्याच्या ट्रॅकवर उड्याच उड्या आहेत त्याने याच्या उलट जावं, भोक लहान आणि तेल पातळ.

राहिलेलं

सकाळच्या ओल्या मुरमात वळणावर पलटी खाणं उरलं होतं. उंची उतरल्याने ते कमी झालं, गेलं नाही. पुढच्या बाहेरच्या टायरची कड जमिनीत रुतायची आणि ट्रक त्यावरून उलटायचा. पुढच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या भिंतीवर आणि शेवटच्या काट्यांच्या मुळाशी सुपरग्लूचा पातळ थर दिला. रबर तिथे गुळगुळीत आणि टणक होतं, रुतण्याऐवजी घसरतं. दुपारी मात्र यामुळे पुढचं टोक थोडं कमी वळतं. त्याने न चिकटवलेली जुनी जोडी दुपारसाठी ठेवली आहे. अँटी रोल बार (डावी-उजवी बाजू जोडणारी सळई) मागवू का, असं त्याने विचारलं. सुटलेल्या मुरमात तो बार एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोहोचवतो. आपल्या लाटांवर नको, म्हणून सांगितलं.

बॉडीच्या मागच्या भागात, टेलगेटजवळ, पॉलिकार्बोनेट गोल कापून हवा निघायला जागा केली. आधी बूड उडत होतं म्हणून नाक खाली जायचं. ते थांबल्यावर उलट्या वाऱ्यात नाक वर जायला लागलं होतं. म्हणजे बॉडीत भरणारी हवा पहिल्यापासून होतीच, मागची स्प्रिंग तिला झाकत होती. भोकं पाडल्यावर ट्रक हवेत बराच सपाट राहतो. भोकं वायरच्या जाळीने झाकली, नाहीतर खडे आत शिरून मोटरच्या पिनियनपाशी (छोट्या दातेरी चाकापाशी) अडकतात.

मागचा कॅम्बर (चाकाचा आतबाहेरचा कल) उणे दीड अंश, पुढचा उणे एक. यावर आम्ही जास्त वेळ घालवला नाही. एवढ्या सुट्या जमिनीवर अर्धा अंश इकडेतिकडे झाला तर ते मला ओळखता येत नाही, आणि ज्यांना येतं असं ते म्हणतात, त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

सध्या डाव्या पुढच्या चाकाला बोटाने हलवलं तर खुळखुळ जाणवते, किंगपिनचं (पुढचं चाक ज्या पिनवर वळतं तिचं) बुशिंग घासलं आहे. ते बदलेपर्यंत पुढच्या टोकाच्या कुठल्याही सेटिंगला हात लावायचा नाही, असं ठरलं आहे. थंडीत सकाळी दहाबारा अंशांवर मागचं ५० वेट जड पडेल, तेव्हा ४० भरून बघायचं. निळे आर्म त्याने विकायला काढले आहेत. गिऱ्हाइकाला आधी भोकात रीमर फिरवून घ्यायला सांग, एवढं मी बजावलं आहे.